हस्की घेऊ का, मावशी?

गेल्या आठवड्यात नागपूरहून भाच्याचा फोन आला. नवीन फ्लॅट, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवराबायको दोघंही नोकरीवाले. "मावशी, कुत्रा आणायचं पक्कं झालंय. हस्की घेऊ का? त्याचे निळे डोळे बघितलेस का तू?" आवाजातून आनंद नुसता ओसंडत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र नागपूरची मे महिन्यातली दुपार आली, पारा पंचेचाळीसच्या घरात गेलेली. मी लगेच नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "हा कुत्रा मुळात कोणत्या कामासाठी घडवलाय, माहितेय तुला?"

त्याला माहीत नव्हतं. 2008 साली मलाही माहीत नव्हतं, आणि माझ्या त्या अज्ञानाची किंमत एका मुक्या जिवाने मोजली. म्हणून भाच्याला फोनवर जे सांगितलं ते सगळं इथे लिहितेय. लांबलंय, पण पहिल्यांदाच कुत्रा आणायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी पिल्लू उचलून आणायच्या आधी वाचा.

2008 मध्ये आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लेक सात वर्षांची. तिने एका मासिकात बीगलचा फोटो पाहिला, मोठे लोंबते कान, करुण डोळे, आणि महिन्याभरात बिट्टू घरी आला. आम्ही विचार केला तो एवढाच, की कुत्रा लहान आहे, फ्लॅटमध्ये मावेल. बीगल ही शिकारी जात आहे, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. टोळीने सशाचा माग काढायचा आणि माग लागला की मागच्या शिकाऱ्यांना कळावं म्हणून मोठ्याने गळा काढायचा, हे काम त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या केलं. अशा टोळीतल्या जिवाला आम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा कुलूप लावून एकटं ठेवत होतो.

तो रडायचा. भुंकणं नाही, लांब हेल काढून रडणं. वरच्या मजल्यावरच्या आजी आजारी होत्या, त्यांचा मुलगा हात जोडून दारात उभा राहिला तेव्हा मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. दाराची चौकट बिट्टूने खालून कुरतडून काढली. पट्टा सोडला की वास लागेल तिकडे नाक जमिनीला लावून सुटायचा, हाक मारली तरी कान हलायचा नाही. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो, रागवायचो. आज कळतं, तो त्याचं काम करत होता. दीड वर्षाने साताऱ्याजवळ शेतावर राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे त्याला दिलं. तिथे आणखी दोन कुत्री होती, माणसांचा दिवसभर राबता होता. बिट्टू तिथे शांत झाला आणि खूप वर्षं सुखाने जगला. पण गाडी निघाली तेव्हा तो मागच्या काचेतून बघत होता, ते अजून माझ्या मनातून जात नाही. लेक दोन दिवस धड जेवली नव्हती.

तेव्हापासून कुणीही जातीबद्दल विचारलं की मी आधी कामाचं विचारते. आज आपण ज्यांना 'जाती' म्हणतो त्यातल्या बहुतेक माणसानेच कुठल्या तरी कामासाठी निवडून निवडून तयार केल्या. काम गेलं, अंगातली ओढ राहिली.

हस्कीचंच घ्या. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला हे कुत्रे पाळले. थोडं खाऊन, गोठवणाऱ्या थंडीत, मैलोन् मैल धावत राहायचं. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा कुत्रा जगेल का? एसीत ठेवलं तर जगेल. पण चैत्रापासून मृगापर्यंत चार भिंतींच्या बाहेर त्याला नेणार कधी? पहाटे पाच ते साडेपाच? आणि धावायला जन्मलेल्या जनावराला अर्धा तास फिरवून त्याचं समाधान होणार नाही, मग तो सोफा फाडणार. "उन्हाळ्यात केस भादरून टाकू," असं भाचा म्हणाला. अजिबात नाही. ते दोन थर ऊनही अडवतात, आणि भादरल्यावर ते पूर्वीसारखे परत येतीलच असं नाही.

पगचं दुःख वेगळं. 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत त्या छोट्या मुलाच्या मागे मागे जाणारा पग आपण सगळ्यांनी पाहिला आणि बघता बघता शहराशहरांत पग दिसायला लागले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याचं नाकच चपटं करून ठेवलंय त्याला नीट धापही टाकता येत नाही. रात्री तो घोरतो ते लोकांना गोड वाटतं, मला ते ऐकवत नाही. हाच त्रास फ्रेंच बुलडॉगला. स्वभावाने दोघंही प्रेमळ आहेत, फ्लॅटमध्ये राहतात, मुलांशी छान जमवून घेतात, तरीही मी कुणाला घ्या म्हणून सांगणार नाही. शिट्झूला माझा तेवढा विरोध नाही. तो मुळातच मांडीवर बसायला घडवलेला कुत्रा आहे. फक्त रोज केस विंचरायची तयारी ठेवा, नाहीतर आठवड्यात गुंता होतो आणि खालची कातडी सडायला लागते.

जर्मन शेफर्ड अतिशय हुशार, पण डोक्याला काम हवं, शिकवणारा अनुभवी हवा. पहिल्या खेपेला नको. रॉटवायलर, पिटबुल यांच्याबद्दलही तेच. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींवर बंदी घालायचं पत्र राज्यांना पाठवलं होतं, एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. कायद्याचं काहीही होवो, ज्याने आयुष्यात कधी कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घातला नाही त्याने एवढ्या ताकदीचं जनावर आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केला, तेव्हापासून कारवान आणि मुधोळची चौकशी खूप होते. मला या कुत्र्यांचा मनापासून अभिमान आहे. मराठवाड्यात, उत्तर कर्नाटकात शेतावर त्यांना पळताना पाहिलं की नजर हटत नाही. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी तर त्यांची कीर्ती इंग्लंडच्या राजापर्यंत नेली. पण हा नजरेने शिकार टिपणारा, वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा. समोरून मांजर गेलं की तुमच्या हाताला हिसका बसलाच. शेत असेल, मोकळं कुंपणाचं आवार असेल तर जरूर पाळा. टू बीएचकेमध्ये त्याला कोंडू नका.

आता लॅब्रडॉर. सगळे पहिल्यांदा तेच सुचवतात, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. बिट्टूनंतर आम्ही दोन वर्षं थांबलो, मी घरून काम करायला लागले, आणि 2011 मध्ये शेरू आला. अकरा वर्षं होता. त्याच्यासारखा निर्मळ जीव मी पाहिला नाही. पण 'लॅब म्हणजे सोपा' हे ऐकून कुणी आणत असेल तर पहिली दोन वर्षं डोळ्यांसमोर आणा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश, अंगात दम भरपूर. तीस किलोचं पिल्लू आजोबांच्या अंगावर प्रेमाने झेपावलं तर आजोबा पडतात. आमचे पडले होते, नशिबाने सोफ्यावर. आणि खाणं! 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची भूक आणि वजन जास्त असतं. हे मला फार उशिरा कळलं. शेरू केविलवाणं तोंड करून बसायचा, सासूबाई त्याला पोळीचा तुकडा द्यायच्या, मी गुपचूप बिस्किट द्यायचे. आठव्या वर्षी त्याला जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, वजन कमी असतं तर सांधे इतक्या लवकर गेले नसते. लॅब पाळणार असाल तर घरातल्या प्रत्येकाला ताटातलं द्यायचं नाही म्हणून आधी बजावा, आजीआजोबांना तर दोनदा.

शेरू गेला आणि वर्षभराने चिंगी आली. गावठी, रंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, वय अंदाजे तीन. एका बाईंनी तिला रस्त्यावरून उचलून चार महिने स्वतःच्या घरी सांभाळलं होतं. भाच्याला मी हेच सांगितलं: पहिल्यांदाच पाळतोयस ना, मग दोन-तीन वर्षांची, शांत स्वभावाची गावठी कुत्री बघ.

मोठी का, तर स्वभाव आधीच समोर असतो. पिल्लू म्हणजे बंद पेटी, उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही. चिंगीबद्दल त्या बाईंनी सगळं खरं सांगितलं. हेल्मेट घातलेल्या माणसाला घाबरते, मांजराचं तिला काही नाही, चार तास एकटी राहू शकते, फटाक्यांना पलंगाखाली जाते. यातलं एकही पुढे खोटं निघालं नाही. शू-शीला बाहेर जायचं हे आठवड्यात समजलं. आणि गावठी का, तर हा कुत्रा याच हवेत, याच उन्हापावसात घडला. केस आखूड, नाक लांब, अंग सुटसुटीत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी जी चार कुत्री असतात ती बघा एकदा. ती आपल्या गल्लीतलीच वाटतात की नाही?

सगळं सोपं असतं असं मी म्हणत नाही. पहिले तीन आठवडे चिंगी बाथरूमच्या दारामागे बसून राहायची, माझ्या नवऱ्याच्या हातून खायची नाही. तो रोज संध्याकाळी नुसता तिच्याजवळ जमिनीवर पेपर वाचत बसायचा. बाविसाव्या दिवशी तिने त्याच्या मांडीवर डोकं टेकवलं. गावठी कुत्रे सावध असतात, अनोळखी माणसावर भुंकतात, गोचीड त्यांनाही होतात आणि गोचिडाचा ताप त्यांनाही येतो. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध वेळेवर, यात सूट नाही. चिंगीचं खाणं आणि औषधपाणी मिळून आम्हाला महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास खर्च येतो.

आणि एवढं सांगूनही कुणाला जातिवंत पिल्लूच हवं असेल तर निदान त्याची आई बघितल्याशिवाय आणू नका. आई कुठे राहते, माणसांशी कशी वागते, अंगावर मांस आहे का, हे डोळ्यांनी बघा. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं टोपलीत घालून सर्रास विकली जातात. भावंडांच्या अंगावर खेळताना किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू याच वयात शिकतं. ते शिकायच्या आत त्याला उचललं की नंतर आपल्या हातावर वळ उठतात आणि आपण म्हणतो, कुत्रा चावरा निघाला.

सोसायटीची भीती बऱ्याच जणांना असते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण नियम दाखवण्याआधी शेजाऱ्यांना भेटा, कुत्र्याची शी स्वतः उचला, महापालिकेचा परवाना काढा. बिट्टूच्या वेळी मी यातलं काहीच केलं नव्हतं.

भाच्याला शेवटी मी दोन प्रश्न विचारले. जुलैमध्ये धो धो पावसात सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार? आणि गणपतीत तुम्ही गावी जाल तेव्हा तो कुठे राहणार? पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग सूनबाई फोनवर आली आणि म्हणाली, "मावशी, सकाळी मी नेईन. माझी शिफ्ट अकराची असते. आणि गावी आम्ही गाडीनेच जातो, त्यालाही नेऊ." मला फार बरं वाटलं.

तर नागपुरात कुणी दोन-तीन वर्षांची गावठी कुत्री घरी सांभाळत असेल, घर शोधत असेल, तर मला मेसेज करा. नसबंदी झालेली असेल तर उत्तम. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, बाल्कनीला जाळी बसवून झाली आहे. दुपारी चार तास एकटं राहावं लागेल, ते जमणारी हवी. दिसायला कशीही चालेल.