जेलीफिशची पावडर अन् मावशीचा तळपाय

मावशीनं तळपायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला चक्क नकार दिला. का, तर भिशीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय: 'जेलीफिशचा पॉलिप तुटलेला अवयव 48 तासांत परत उगवतो. टोकियो विद्यापीठानं सिद्ध केलंय. त्याच पेशी आमच्या पावडरीत. शुगरची जखम उघडी ठेवा, पट्टीखाली नवी पेशी गुदमरते. डॉक्टर हे लपवतात.' सोलापुरातल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांनी तो पुढं ढकललाय, खाली हात जोडून.

टोकियोचं संशोधन आहे, मान्य. 2023च्या डिसेंबरात 'प्लॉस बायॉलॉजी' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलंय. क्लॅडोनेमा नावाची करंगळीच्या नखाएवढी जेलीफिश. तिचा लोंबणारा दोरा, म्हणजे टेंटॅकल, कापला तर दोन-तीन दिवसांत पुन्हा येतो. कापल्या जागी भराभर वाढणाऱ्या पेशी गोळा होतात अन् त्यातून नवा दोरा घडतो. टेंटॅकलच्या बुडाशी कायम असणाऱ्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून बाकीच्या पेशी घडतात त्या मूळ पेशी, वेगळ्या, या दुरुस्तीपुरत्या वेगळ्या, हे त्यांनी दाखवलं. पण हे सगळं जिवंत जेलीफिशच्या स्वतःच्या अंगात. तीच वाळवून, दळून दुधातून घेतली की उरतात प्रथिनं, अन् ती तुरीच्या वरणासारखी पचून जातात. पेशी काय आतड्यातून उतरून तळपायाचा पत्ता विचारत जाणारेत का?

बरं, तो पॉलिप नव्हताच, पोहणारी जेलीफिश होती. पॉलिप ही तळाला चिकटून राहायची अवस्था. पॉलिपांनाही हे जमतं: हायड्रॅक्टिनिया या जेलीफिशच्या नातलगाचं डोकं कापलं तर धडाच्या खालच्या भागातल्या स्टेम सेल वर सरकतात अन् नवं डोकं येतं. सगळ्यांचं तसं नाही. मून जेलीफिशच्या पिल्लाचे हात कापले तर नवे येत नाहीत, उरलेलेच सरकून सारख्या अंतरावर बसतात. हे अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेनं 2015 मध्ये दाखवलंय.

'माणसाचं यकृत वाढतं की!' असं आमचा मामेभाऊ म्हणाला. वाढतं. लहान पोराच्या बोटाचं टोकही कधीकधी भरून येतं. पण म्हणून काही साठीतल्या बाईचा शुगरनं पोखरलेला पाय उगवत नाही.

आता ती पट्टी. मावशी एप्रिलात भर दुपारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली, चपला बाहेर काढून तापल्या फरशीवरून अनवाणी. तळव्याला फोड आला, फुटला, तिला पत्ताच नाही. सुनेला फरशीवर ओले डाग दिसले तेव्हा कळलं. कारण शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात, दुखतच नाही. त्यात रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरत नाही. जंतू शिरले तर हाडापर्यंत जातात, मग बोट काढायची पाळी येते, कधी पायही. अशी जखम उघडी ठेवा म्हणणाऱ्याला एकदा उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ अन् माश्या दाखवायला पाहिजेत. जखम धुवायची, झाकायची, पायावर भार द्यायचा नाही, शुगर आटोक्यात ठेवायची अन् डॉक्टरांना दाखवत राहायचं. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं तर अजिबात धरायचं नाही.

राहिलं 'डॉक्टर लपवतात'. तो पेपर नेटवर अख्खा फुकट वाचता येतो. त्यात माणसावरचा एकही प्रयोग नाही अन् पावडरीचं नावही नाही.