भारतात जन्म झाला म्हणजे नागरिकत्व मिळालेच, असे नाही

‘भारतात जन्मलेले प्रत्येक मूल आपोआप भारतीय नागरिक होते, महापालिकेचा जन्मदाखला हाच त्याचा पुरावा असतो आणि हा हक्क २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने काढून घेतला,’ असा मजकूर नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. मुलांच्या कागदपत्रांसाठी धावपळ करणारे पालक त्यावर विसंबतात, म्हणून त्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान एकेकाळी बहुतांशी खरे होते. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ३ नुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, परकीय राजदूतांची मुले यांसारखे मोजके अपवाद सोडल्यास, आईवडील कोणत्याही देशाचे असले तरी जन्मतः नागरिक ठरते. याच आधारावर १९८६ साली भारतात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये भारतीय नागरिक मानले, आणि आपल्या विदर्भात गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत त्या काळात जन्मलेल्यांनाही हाच नियम लागू आहे. १ जुलै १९८७ पासून मात्र आई किंवा वडील नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा मुलाच्या जन्मावेळी बेकायदा स्थलांतरित (वैध कागदपत्रांशिवाय आलेला किंवा परवान्याची मुदत संपूनही राहिलेला परदेशी) नसावा, अशी अट आली.

समजा, नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका कुटुंबात आई भारतीय आहे आणि वडील २०१६ साली सिंधमधून व्हिसावर आलेले आहेत. मुलाच्या जन्मादिवशी व्हिसा चालू असेल, तर मूल जन्मतः नागरिक ठरते. मुदत संपूनही वडील तसेच राहिलेले असतील, तर त्याच दवाखान्यात जन्मलेले तेच मूल जन्माने नागरिक ठरत नाही. माझ्या मते ही अट मुलावर अन्याय करणारी आहे, कारण वडिलांच्या कागदांवर त्याचा काहीच ताबा नसतो. पण कायदा आज तसाच आहे.

जन्मदाखल्याने जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध होते, आईवडिलांचे नागरिकत्व नव्हे. आधार क्रमांक तर आधार कायद्याच्याच कलम ९ प्रमाणे नागरिकत्वाचा पुरावा नाही.

राहिला २०१९ चा मुद्दा. त्या दुरुस्तीने कलम ३ ला हातच लावलेला नाही. वरच्या दोन्ही अटी १९८६ आणि २००३ च्या दुरुस्त्यांनी आलेल्या आहेत. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून २०१९ च्या दुरुस्तीने वगळले. धर्माच्या त्या निकषावर जरूर आक्षेप घ्यावा, मात्र जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या अटींचे खापर त्या कायद्यावर फोडता येत नाही.