इगतपुरीचा ई

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीवर, व्हिडिओ कॉलसाठी काय घ्यावं, हा प्रश्न लिनक्सवाल्यांना विचारला की प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो आणि बाकीच्यांची नावं कशी टाकाऊ आहेत हेही सांगतो. नातेवाइकांना विचारला तर एकच उत्तर मिळतं. आमच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, ते परवा सगळ्यांदेखत दिलं. "फुकटचं आहे ना ते? मग असंच चालणार."

फुकटचं! हा शब्द अजून घशाखाली उतरलेला नाही. साठ-सत्तर हजारांच्या लॅपटॉपवर मी राजीखुशीने लिनक्स टाकलं, तर सगळ्यांना वाटतं माझ्याकडे विंडोजला पैसे नाहीत. मावशीने तर हळूच विचारलं, "काही अडचण आहे का रे?"

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. स्काइप लिनक्सवर चालायचं, काकांच्या कॉम्प्युटरवरही चालायचं, संपला विषय. 2011मध्ये ते मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि 5 मे 2025ला कायमचं बंद केलं. तेव्हापासून आमचं कुटुंब एका कंपनीच्या ॲपवर गेलं. नाव घेत नाही. विंडोजला ॲप, मॅकला ॲप, मोबाइलला तर दोन-दोन. आणि आमच्या वाट्याला एक जुनाट आवृत्ती, तीही कोणी तरी उपकार म्हणून टाकून दिलेली.

चुलतबहिणीच्या साखरपुड्याची बैठक ऑनलाइन ठरली, तेव्हा मी म्हटलं, जित्सी वापरू. स्ट्रासबर्ग विद्यापीठात 2003मध्ये एका विद्यार्थ्याने सुरू केलेला प्रकल्प, मुक्त स्रोत (म्हणजे आतला कोड कोणीही बघावा, बदलावा), ब्राउझरमध्ये उघडतो, पाहुण्यांना काही टाकायला नको. फक्त लिंक दाबायची.

"लिंक?" काका म्हणाले. "अनोळखी लिंक दाबायची नाही."

"अहो काका, मी पाठवलीय."

"तोही असंच म्हणतो. भामटा."

काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या चौकशी खिडकीमागे आयुष्य गेलेल्या माणसाचा फक्त स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदीवर विश्वास असतो. म्हणून मी जामी हे दुसरं कॉलिंग ॲप सुचवलं. त्यात मधे कुठली कंपनी नाही, मोबाइल नंबर लागत नाही, दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात. पत्ता म्हणून चाळीस अक्षरांची एक ओळख मिळते, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. हवं तर साधं नावही नोंदवता येतं, पण काका म्हणाले, "नाव कोणीही लावतं. नंबर सांग." कॉपी-पेस्टलाही नकार. नोंदवही उघडली, चष्मा चढवला.

"ए," मी म्हणालो.

"अक्कलकोट. पुढे?"

"सी."

"चिपळूण."

"शून्य."

"शून्य म्हणजे गोल ना? उस्मानाबादचा ओ?" मग स्वतःच थांबले. "पण ते आता धाराशिव झालं. डी लिहू?"

"काका, आकडा आहे तो!"

"ओरडू नकोस. पुढे?"

"ई."

"इगतपुरी."

"एफ."

"फलटण."

मी बेसावधपणे पुढे वाचत गेलो. दापोली, बारामती, मधे आठ-नऊचे आकडे, परत फलटण. शेवटी काकांनी सगळं मोबाइलमध्ये भरलं आणि जाहीर केलं की असा माणूस अस्तित्वात नाही. पुन्हा ताडून बघितलं तेव्हा कळलं, इगतपुरीला त्यांनी आय लिहिलाय आणि फलटणला पी. स्टँडवरच्या पाटीवर तसंच असतं. या ओळखीत आय आणि पी येतच नाहीत, हे सांगून पाहिलं. "मग फलटणची गाडी सोडतात कशी?" काका म्हणाले. याला उत्तर नाही.

तर बैठक त्या कंपनीच्याच ॲपवर झाली. तीन हॉलचे दर, आसनं, पार्किंग असा तक्ता मी बनवला होता, तो स्क्रीनवर दाखवायचा होता. लिनक्सवर स्क्रीनवरचं चित्र सांभाळणाऱ्या जुन्या एक्स11मध्ये कुठलाही प्रोग्राम तुमची अख्खी स्क्रीन बिनदिक्कत बघू शकायचा. त्याच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये आधी परवानगी मागावी लागते आणि चित्र पाइपवायर नावाच्या वेगळ्या प्रोग्राममार्फत जातं. ही सुधारणा आहे, चांगली आहे. पण ॲपच्या त्या जुनाट आवृत्तीला तिचा पत्ताच नव्हता. सगळ्यांना दिसला काळाकुट्ट चौकोन.

"तुमच्याकडे लाइट गेली का रे?" काका.

"नाही हो, तो वेलँडचा..."

ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की आवाजाचा दर्जा पडतो, तो पडलाच होता. आडातून बोलल्यासारखा मी ओरडत होतो, "त्या हॉलला पार्किंग नाही!" शेवटी हात हलवले. ते तरी कोणाला दिसणार?

"काय म्हणतोय?" मावशी.

"हो म्हणतोय," काका म्हणाले आणि नोंदवहीत माझी संमती टाकली. पहाटेच्या गाडीने येणाऱ्या मंडळींना स्टँडवरून आणायचं कामही माझ्याच नावावर लागलं. मोबाइलवरून का नाही आलास, हे मला त्यानंतर नऊ जणांनी विचारलं. तक्ता उघडून बघायचं एकालाही सुचलं नाही, आणि ॲडव्हान्स भरून झालाय.