जहाजावर पितात का?

भाच्याचं हॉटेल मॅनेजमेंट झालं, जहाजावर जायला लागणारे एसटीसीडब्ल्यूचे कोर्स झाले, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक हातात आलं, आता पोरगा एजंटच्या फोनची वाट बघत बसलाय. मागच्या आठवड्यात ताईने घरच्या ग्रुपवर मला सरळच विचारलं, "जहाजावर पितात का रे?" पुढे नाही मागे नाही. गुजरातेत दारूबंदी, त्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात हा प्रश्न म्हणजे स्थळ बघताना विचारतात ना, 'मुलगा काही घेत नाही ना', त्याच जातीचा. हो नाहीतर नाही, तिसरं उत्तर नसतंच.

मी टाईप करेपर्यंत पुण्याचा दादा मधे पडला. म्हणे डिसेंबर २०२३ पासून गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत हॉटेलात बसून प्यायला परवानगी आहे, तिथल्या कंपन्यांच्या लोकांना आणि त्यांच्या पाहुण्यांना, मग आपल्या बडोद्याच्या अलकापुरीने काय घोडं मारलंय? त्यावर काका उठले आणि थेट सयाजीराव महाराजांपर्यंत गेले (आमच्याकडे कुठलाही वाद तीन मेसेजमधे महाराजांपर्यंत जातोच). महाराजांनी सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पण लोक ओरडलेच होते, चांगली गोष्ट सक्तीनेच होते, वगैरे. मग वहिनीने नमस्काराचा स्टिकर टाकला आणि विषय बंद. ताईचा प्रश्न राहिला तसाच.

तर ताई, हे तुझ्यासाठी, आणि थोडं काकांसाठी पण.

अकरा वर्षं झाली मला जहाजांवर, गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कोल्ड किचन. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, दोन महिने घरी, परत बॅग. आता जिथे आहे त्या जहाजाच्या मागे बहामाचा झेंडा आहे, फिरतं कॅरिबियनमधे, पॅसेंजर सगळे अमेरिकन आणि मेसमधे माझ्या शेजारी फिलिपिन्स, इंडोनेशिया, गोवा, केरळ. पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या रात्री क्रू बारमधे शिरलो आणि मेन्यूवर बिअर दीड डॉलर बघितली तेव्हा खरं सांगतो, मी आधी मागे वळून दार बघितलं. कोणी बघत तर नाही ना. बडोद्याचा माणूस सव्वीस वर्षांचा झाला तरी बिअरची बाटली उघड्यावर धरायला त्याचा हात तयार नसतो.

म्हणजे पितात. क्रू बार असतो, उघडा असतो, स्वस्त असतो. वर पॅसेंजर ज्या ड्रिंकला दहा डॉलर देतो त्याला खाली आम्ही दोन देतो. पण याच्या पुढचा भाग ग्रुपवर कोणाच्या डोक्यात बसत नाही, कारण आपल्याकडे दारूचा कायदा म्हणजे ती आहे का नाही, आणि जहाजावरचा कायदा म्हणजे किती आहे.

आकडा सांगतो. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे ज्याचे कोर्स भाच्याने केलेत तोच आंतरराष्ट्रीय करार, त्यात २०१० साली मनिलाला बदल झाले आणि १ जानेवारी २०१२ पासून ते लागू आहेत. सेफ्टी, सिक्युरिटी किंवा समुद्राच्या पर्यावरणाची ड्युटी करणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल ०.०५ टक्क्याच्या वर नको, फुंकरीत मोजलं तर लिटरला ०.२५ मिलीग्रॅमच्या वर नको. अमेरिकन कोस्ट गार्डचा आकडा अजून खाली, ०.०४, आणि त्यांच्या नियमात ड्युटीच्या आधीचे चार तास प्यायचंच नाही. आमच्या कंपनीने सगळ्यांना ०.०४ लावलाय. कॅप्टनला तेवढाच, भांडी घासणाऱ्याला तेवढाच.

आता तू म्हणशील की सेफ्टीची ड्युटी म्हणजे ब्रिजवरचे, जहाज चालवणारे ऑफिसर, माझ्या पोराचा काय संबंध, तो तर सॅलड कापणार. हीच तर गंमत आहे. क्रूझ जहाजावर प्रत्येकाच्या नावाने इमर्जन्सीचं काम लिहिलेलं असतं. केबिन साफ करणारा जिन्यावर उभा राहून माणसांना रस्ता दाखवतो, वेटर मस्टर स्टेशनला, म्हणजे इमर्जन्सीत जमायच्या जागी, पॅसेंजर मोजतो, मी लाईफबोट नंबर १४ ला. एका बोटीत दीडशे माणसं बसतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की रात्रीचे तीन असोत का दुपारचे, मी काकडी कापणारा राहत नाही. म्हणून आमच्याकडे ऑफ ड्युटी हा शब्द नुसता टाईमशीटवर आहे. पोर्टला उतरायचं म्हटलं तरी आयपीएम असतं, म्हणजे बंदरात असताना पण ठराविक लोकांनी जहाजावर थांबायचंच, तुझा नंबर लागला तर बाहेर बीच दिसत असून आत बसायचं, आणि शुद्धीत बसायचं.

हे मला कोणी लेक्चर देऊन शिकवलं नाही, एका रात्रीने शिकवलं. माझ्या सेक्शनला एक गोव्याचा पोरगा होता, कामात एकदम चोख, कधी लेट नाही. त्याच्या वाढदिवसाला आम्ही क्रू बारमधे बसलो, साडेअकराला तो उठत होता, सकाळी सहाची शिफ्ट होती त्याची. मीच म्हणलं बस रे, एक अजून. एकाचे तीन झाले, एक वाजला. सकाळी सव्वासहाला स्लायसरवर त्याचं बोट गेलं. फार नाही, चार टाके. पण कामावर अपघात झाला की मेडिकलमधे टाके घालतात आणि मग मशीनमधे फुंकायला लावतात, आणि आकडा ०.०४ च्या वर गेला. तो पूर्ण शुद्धीत होता हो! झोपून उठला होता, अंघोळ केली होती, माझ्याशी नीट बोलला होता. पण शरीर ताशी साधारण ०.०१५ एवढंच उतरवतं, झोपा नाहीतर कॉफी प्या, त्याचा वेग तोच. रात्री एकला ०.१२ असेल तर सकाळी सहाला ०.०४५ शिल्लक असतं. त्याचा हिशेब ब्रिजवरच्या ऑफिसरला माहीत असतो, किचनवाल्याला कोण सांगणार. तिसऱ्या दिवशी कोझुमेलला त्याला उतरवलं, तिकिटाचे पैसे त्याच्याच पगारातून, सात वर्षांची नोकरी. मी गँगवेपर्यंत बॅग धरून गेलो, दुसरं काय करणार.

यावर कंपनीला शिव्या द्यायच्या तर मी देतो पण, थोड्या. कारण ती दीड डॉलरची बिअर आम्हाला कोण विकतो? तीच कंपनी. आठ महिने एकही सुट्टी नाही, रोज दहा-अकरा तास. एमएलसी २००६ नावाचा खलाशांच्या हक्कांचा करार आहे, त्यात आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती लिहिलीय, ऐकायला किती छान, पण आठवड्याचे तास १६८, वजाबाकी करून बघ, ९१ तास कामाला लावलं तरी कागद बरोबर. मग रात्री खिडकी नसलेल्या केबिनमधे परत जायचं का चार माणसांत बसायचं? वायफायचे पैसे वेगळे, बायकोशी बोलायचं तर घड्याळ उलटं, आणि बार समोरच. दारू मोजायचं मशीन आहे, थकवा मोजायचं नाही. त्या दिवशी त्या पोराचं बोट बिअरने गेलं का सलग अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाने, हे कुठल्याच मशीनमधे आलं नाही.

तरी, आणि इथे दादा मला उचलून धरेल आणि काका रागावतील, तरी मला तो आकडा आवडतो. का ते सांगतो.

आपल्याकडे जो कायदा आहे तो मुळात मुंबई राज्याचा १९४९ चा. म्हणजे १ मे १९६० ला दोन राज्यं झाली तेव्हा दोघांच्या वाटणीत एकच पुस्तक आलं. महाराष्ट्राने त्याच पुस्तकातनं परमिट रूम काढल्या आणि आपण त्याच पुस्तकातनं दारूबंदी ठेवली, २०११ ला त्याचं नावही गुजरातचं केलं, २०१७ ला विकणाऱ्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत नेली. कागदावर एवढा कडक कायदा देशात क्वचित असेल. आणि आता पार्टी प्लॉटवर लग्न असलं की जेवणाच्या आधी अर्धी पुरुषमंडळी कुठे असतात ते मला सांगायची गरज नाही. पार्किंगमधे डिकी उघडी, स्टीलचे ग्लास, आणि पिण्याला छांटोपाणी हा एवढा गोड शब्द, जसं काही तुळशीला घालतायत. चाळिशीनंतर डॉक्टरच्या कागदावर हेल्थ परमिट मिळतं, म्हणजे बडोद्यात कायदेशीर प्यायचं तर आधी आजारी व्हायला पाहिजे. बाहेरच्या राज्याच्या माणसाला टुरिस्ट परमिट आहे, मी अकरा वर्षं बाहेर पण आधार कार्ड दांडिया बाजारचं, म्हणून मी ना टुरिस्ट ना आजारी. नसेना, मला सुट्टीत प्यायची हौस नाहीये, घरी आलो की मला सेव उसळ आणि झोप एवढंच लागतं. सांगायचा मुद्दा हा की डिकीपाशी कोणी मोजत नाही. मोजणार कसं, तिथे दारू नाहीच ना. जी गोष्ट नाहीच तिचा एक ग्लास का सहा, कोण विचारणार. आणि मग तोच माणूस चावी काढतो आणि पोरंबाळं मागे बसवून गाडी वाघोडिया रोडला घालतो. जहाजावर त्याला लाईफबोटजवळ उभं केलं नसतं.

अमेरिकेचं नौदल तर आपल्यासारखंच कोरडं आहे, १ जुलै १९१४ पासून जहाजावर दारू बंद. पण त्यांनी एक खिडकी उघडी ठेवलीय, सलग ४५ दिवस बंदर लागलं नाही तर वरच्याच्या परवानगीने माणशी दोन बिअर. दोन म्हणजे दोनच, आणि डेकवर सगळ्यांसमोर. मला हे फार बरं वाटतं. बंदी ठेवायची तर ठेवा बाबा, पण तिच्यातली फट कुठे आहे ते उजेडात सांगा, ती डिकीत नको.

काकांच्या महाराजांबद्दल. काका, तुमचं बरोबर आहे, सक्ती केली. पण १८९३ ला आधी अमरेलीत करून बघितली, शाळा काढल्या, मास्तर नेमले, बघितलं काय होतं, आणि तेरा वर्षांनी १९०६ ला सगळ्या संस्थानात लावली. दारूबंदीत शाळा कुठाय? ज्याला सोडायची आहे त्याने बडोद्यात कोणाकडे जायचं, आणि गेला तर आधी तू प्यायलास कुठे हे विचारणार का नाही? या भीतीने माणूस डॉक्टरकडे पण जात नाही. जुलै २०२२ ला बोटादला दारू म्हणून पिऊन चाळीसच्या वर माणसं मेली, ती दारू नव्हतीच, मिथेनॉल होतं, केमिकल. दीड डॉलरच्या बिअरने माणूस नोकरीवरून जातो, पोटलीने, म्हणजे गावठीच्या पिशवीने, जिवानिशी जातो.

एवढं सगळं मी गेल्या सुट्टीत ओट्यावर बसून आईला सांगत होतो, मोठा शहाणा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेन भांडी घासत ऐकत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "बंध छे तोय आटलुं पीए छे, खुल्लुं थशे तो शुं करशे?" बंद असताना एवढी पितो, उघडी झाली तर काय करेल. त्यांचा नवरा पगाराच्या दिवशी घरी येत नाही, दुसऱ्या दिवशी येतो. मी ०.०४ आणि ०.०५ सांगणार होतो, तोंडातच राहिलं. माझं मशीन चालतं कारण जहाजाला दार एकच आहे आणि फुंकर मारायला नाही म्हणलं तर पुढच्या बंदरावर बॅग. बेनच्या नवऱ्याला कोणत्या बंदरावर उतरवणार? त्याला फक्त एक अडचण आहे सध्या, की मिळवायला चार गल्ल्या फिरावं लागतं, आणि त्या चार गल्ल्यांतच बेनच्या घरचं दूध येतं. दादाला अलकापुरी दिसते, बेनला तिचं घर दिसतं, आणि मला दोघांना एकदम पटेल असं काही सुचलेलं नाही. मी उघडी करा असं म्हणत नाहीये, काका, नीट वाचा. मी म्हणतोय जे चाललंय त्याला बंदी म्हणू नका.

बाकी ताई, भाच्याने मला परवा वेगळा फोन केला होता. तू बाहेर गेली असशील. "मामा, तिकडे क्रू बारमधे काय काय मिळतं?" पहिला प्रश्न हाच, पगार नंतर विचारला. मी त्याला बिअरचा भाव सांगितला नाही. वही घ्यायला लावली, ०.०१५ लिहायला लावलं, सकाळी सहाच्या शिफ्टपासून उलटं मोजायला लावलं आणि तुझा शेवटचा कॅन किती वाजता ते तूच सांग म्हणलं. पोरगा हुशार आहे. आधी दहा म्हणाला, मग म्हणाला, "थांब मामा, आदल्या रात्री किती घेतल्या त्यावर आहे ना?"

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर टाकलंय आत्ता, ड्रिलला जायच्या आधी. पितात. तोही कधीतरी पिईल. पहिले तीन महिने ब्रेकफास्टची शिफ्ट मागून घे म्हणून सांगितलंय त्याला, पहाटे साडेचारला उठावं लागतं.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही अजून.