दोन हर्ट्झची वीज

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. मी जुन्या बाजारात गेलो आणि सहा निक्सी नळ्यांचा (आत आकडे उजळणाऱ्या काचेच्या नळ्या) फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात ते मोजणारं यंत्र, उचलून आणला. शेंदरी आकडे पेटल्यावर मोठ्या हौसेने छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून घरचीच वीज मोजायला दिली. सेकंदाला ५० यायला हवेत. आले २. परत मोजले, २. मध्येच एकदा ३.

"आज वीज जरा मंदच दिसतेय," मी म्हणालो. बायकोने वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता.

झाकण काढलं. आत गोल टोप्यांचे, आठ पायांचे, ३.६ व्होल्टवर चालणारे, आरटीएल (रेझिस्टर-ट्रान्झिस्टर लॉजिक) या जुन्या जातीचे फ्लिप-फ्लॉप, म्हणजे 'हो' की 'नाही' एवढंच लक्षात ठेवणाऱ्या चिप, अर्थात आयसी. घराणं मोठं हो! १९६० साली फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीत जे लास्ट यांच्या चमूने प्लेनर (सिलिकॉनच्या सपाट पृष्ठभागावर घडवण्याच्या) पद्धतीचा पहिला आयसी चालवून दाखवला, तो फ्लिप-फ्लॉपच होता. आतल्या दोन बाजूंचं काम मात्र आमच्या सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरीसारखं. एक बोलत असला की दुसऱ्याचं तोंड दाबलेलं. बाहेरून टपली बसली की अदलाबदल, आणि पुढची टपली बसेपर्यंत तसंच. असे चौघे ओळीने बसवले की १, २, ४, ८ आपसात वाटून घेऊन दहापर्यंत मोजतात. आमचा आठवाला गेला होता. त्यामुळे एककाचं घर सातानंतर थेट शून्यावर, आणि दशकाला हातचा देणं बंद. ५० मधून आठ-आठ काढत जा, उरतात २. यंत्राचा हिशेब चोख होता. तो कळायला मला चार दिवस लागले.

आता आठवाला काढायचा. या आयसीचे पाय वरून बघताना घड्याळाच्या उलट मोजायचे, पाठीमागून बघताना घड्याळाप्रमाणे. बोर्ड पालथा होता, मी मोजले उलटे. सप्लाय आठव्या पायावर, ग्राउंड बरोबर समोर चौथ्यावर. कुठल्याही दिशेने मोजा, हे दोघे जागच्या जागी भेटतात. म्हणून संशयच आला नाही. बाकीचे पाय मात्र एकमेकांच्या नावाने उत्तरं देत राहिले आणि मी धडधाकट चारवाल्याला दोषी ठरवलं. आठ टाके सोडवताना तांब्याचा एक ट्रॅक कांद्याच्या पापुद्र्यासारखा उचलला गेला. तो तारेने सांधून चारवाला परत बसवला. (त्याची माफीही मागितली. बायको ऐकत होती.)

नवा आयसी कुठून आणणार? मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, दुकानदाराने बिघडलेला आठवाला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आतून वडिलांना बोलावलं. वडिलांनी नुसतंच कौतुक केलं.

शेवटी लाखाच्या घरातला आठवाला उपटून एककात लावला. पेन्शनवरच्या माणसाला आठ लाख मोजायची वेळ कशाला येतेय?

बटण दाबलं. ५०! मी ओरडलोच.

बायको उठली, ओट्यावरचा मिक्सर आडवा केला आणि त्याच्या बुडाची पट्टी चष्मा लावून वाचली.

"इथे लिहिलंय की. ५० हर्ट्झ."