जरा पातळ करा ना!

काळ्या टी-शर्टवर पांढरी अक्षरं छापायची होती. गिऱ्हाईक स्वतः फिरकलं नाही. "माझे मेव्हणे येतील, जरा बघून घेतील," असा निरोप आला. छपाईत बघून घेण्यासारखं काय असतं, देव जाणे. मेव्हणे आले, खुर्ची थेट स्क्रीनपाशी, म्हणजे छपाईच्या जाळीच्या चौकटीपाशी, ओढून बसले आणि मी शाईचा डबा उघडतो न उघडतो तोच म्हणाले,

"फार घट्ट दिसते हो. जरा पाणी मारा."

"पाणी नाही चालत. प्लास्टिसॉल आहे."

"मग थिनर मारा."

"तोही नाही."

"अहो, आम्ही अख्खं घर रंगवून घेतलंय. रंगात काहीतरी घालावंच लागतं!"

प्लास्टिसॉल म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रवात, कालवलेले पीव्हीसी प्लास्टिकचे बारीक कण. पाण्याशी त्याचं सात जन्मांत जमायचं नाही. त्यातून पांढरी शाई सगळ्यात हट्टी, आणि गारठा असेल तर विचारूच नका. पण तिला घालायचं काही नसतं, फक्त घोटायचं असतं. नुसत्या घोटण्याने ती सैल पडते, स्वस्थ ठेवली की परत घट्ट होते. या स्वभावाला थिक्सोट्रॉपिक म्हणतात. मेव्हण्यांना गप्प करावं म्हणून मी तो शब्द मुद्दाम सावकाश उच्चारला. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

मी पट्टी घेऊन घोटत बसलो. मनगट भरून आलं, तेव्हा कुठे शाई पट्टीवरून गोळ्याने पडायची थांबून सलग उतरू लागली. मेव्हणे खुर्चीतून अर्धे उठले. "बघा! झाली की नाही पातळ? आल्या आल्या सांगितलं होतं!"

यांचं ऐकून खरंच काही ओतलं असतं तर? पातळ शाई स्टेन्सिलच्या कडेखाली सरकते, अक्षरांना मिशा फुटतात, 'ळ'ची भोकं बुजतात आणि काळ्या कापडात मुरून पांढऱ्याचं करडं होतं. उलट फारच घट्ट ठेवली, तर सेंटीमीटरला 43 धाग्यांच्या जाळीतूनही धड उतरत नाही. मग स्क्वीजीवर, म्हणजे शाई जाळीतून दाबायच्या रबरावर, अंगाचा भार टाकायचा, तरी ठिपक्याठिपक्यांनी कापड डोकावतंच, आणि जिथे बसते तिथे छातीवर पुठ्ठा. लोकांना मात्र हाताला मऊ लागणारं आणि लांबून ठसठशीत दिसणारं असं दोन्ही हवं असतं, तेही संध्याकाळपर्यंत. पाण्याच्या शाईत मऊपणा मिळतो, पण तिचा वेगळाच जाच. एक फोन घेतला की तेवढ्यात जाळीतच वाळून बसते.

प्लास्टिसॉल याच्या अगदी उलट, हवेवर वाळतच नाही. साधारण 160 अंशांची उष्णता थराच्या तळापर्यंत पोचली की मगच पक्की होते. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मेव्हण्यांनी ताज्या छपाईवर अंगठा टेकवलाही होता.

"ओली आहे अजून," त्यांनी मला माहिती दिली.

"असणारच. हीटरखालून जायची आहे."

"पंखा लावा ना मग." आणि अंगठा? तो त्यांनी शेजारच्या कोऱ्या टी-शर्टला पुसला. काळ्याला. अगदी निर्विकारपणे, तो टी-शर्ट जणू त्याचसाठी घडी घालून ठेवला होता.

ते दोन्ही टी-शर्ट माझ्या खिशातून गेले. "तुमच्या मेव्हण्यांनी अंगठा लावला" असं बिलात कसं लिहिणार? कारागिराची चूक भिंगातून दिसते, गिऱ्हाइकाकडची चूक म्हणजे धंद्यातला खर्च. शिवाय मनगटाचे पैसे कुठल्याच बिलात बसत नाहीत. घोटण्याला लोक काम धरतच नाहीत, स्क्वीजी फिरली की मीटर सुरू.

माल बांधून दिला. मेव्हण्यांनी एक टी-शर्ट ताणून, नखाने खरवडून, उजेडात धरून पाहिला. तक्रारीला जागा सापडेना, तेव्हा बिल हातात घेऊन म्हणाले,

"शाई पातळ केलीत, म्हणजे लागली कमी. मग तेवढं यातून वजा करा की."