नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही

एक मेसेज पुन्हा पुन्हा समोर येतोय: ‘भारतात गर्भपात गुन्हा आहे. लग्न झालेल्या बाईलाच करता येतो, तोही नवऱ्याची सही असेल तर. लग्नाआधी दिवस गेले तर ७२ तासांची गोळी घ्यावी, मोकळं होता येतं.’ यावर विश्वास ठेवून एखादी मुलगी आत्ता गप्प बसली असेल, म्हणून लिहितेय.

आधी गोळीचं, कारण तिथे हातात वेळ कमी असतो. ७२ तासांची गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते. दिवस गेलेले असतील तर तिचा काहीही उपयोग नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल. त्या नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. ‘गोळी घेतली, सुटले’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलीचे नेमके हेच आठवडे निघून जातात. पाळी आली नाही तर लगेच लघवीची तपासणी करा.

गुन्ह्याचं म्हणणं अर्धवट आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम आहेच, पण १९७१ च्या कायद्याने अटी पाळून, नोंदणीकृत डॉक्टरने केलेला गर्भपात त्यातून वगळला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये ठरावीक स्त्रियांसाठी दोन डॉक्टर लागतात. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. (निर्णय बाईचा नसून डॉक्टरच्या मतावर टांगलेला आहे, हे मला आजही खटकतं.) गुन्हा आहे तो गर्भलिंगनिदानाचा, १९९४ च्या वेगळ्या कायद्याने. लोक या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

लग्नाची अट मात्र खरोखर होती. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं, हे कारण जुन्या कायद्यात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतंच होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच धरायची, हेही त्याच निकालात आहे.

आणि सही. नवऱ्याची, सासूची, वडिलांची, कोणाचीच लागत नाही. बाई १८ वर्षांची पूर्ण असेल तर संमतीच्या फॉर्म सीवर फक्त तिची सही. अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठीच पालकाची लेखी संमती लागते. तरीही कित्येक ठिकाणी ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून बाईला परत पाठवतात. मिस्टर बाहेरगावी असतात, किंवा त्यांना कळू नये म्हणूनच ती एकटी आलेली असते. ती पुन्हा यायची हिंमत करते तोवर आठवा आठवडा दहावा झालेला असतो, आणि गोळ्यांनी झालं असतं त्यासाठी आता पिशवी साफ करावी लागते.